दक्षिण सातारा, उंची २०,५०५ फूट

सातारकराला डोंगर चढायला कुणी शिकवावं लागत नाही, अशी सातारकराची पक्की समजूत असते. दोष त्याचा नाही. खिडकी उघडली की अजिंक्यतारा, मान वळवली की यवतेश्वर, कोरेगावच्या एसटीत बसलं की जरंडेश्वर. पहाटे पाच वाजता अजिंक्यताऱ्याच्या चढावर जेवढी गर्दी असते तेवढी दुपारी बँकेत नसते. त्यातले निम्मे डॉक्टरनं साखर सांगितली म्हणून आलेले असतात आणि उरलेले निम्मे, खाली उतरल्यावर या निम्म्यांबरोबर चहा-वडा मिळतो म्हणून. त्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन सुरू झाली, २०१५ साली तिची गिनीज बुकात नोंद झाली, आणि तेव्हापासून गावातली माणसं भेटली की ‘बरं आहे का’ऐवजी ‘टायमिंग काय’ असं विचारतात.

आणि या सगळ्याच्या वर प्रियांका मोहिते. २०१३ साली ऐन विशीत एव्हरेस्ट, २०१८ ला ल्होत्से, २०१९ ला मकालू, २०२१ ला अन्नपूर्णा, २०२२ ला कांचनजुंगा. आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं चढणारी पहिली भारतीय महिला. एवढं एका मुलीनं केलं, पण पोवई नाक्यावर कान दिलात तर त्यात गावातल्या बऱ्याच लोकांचा हातभार आहे. कुणी तिला किल्ल्यावर चढताना पाहिलेलं असतं, कुणी नुसतंच ‘आपलीच पोरगी’ म्हणून छाती पुढं काढतं. छाती पुढं निघते तोवर पोटही निघालेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

सांगलीचं तसं नाही. सांगली सपाट. डोंगर बघायचा झाला तर दंडोबाकडं गाडी काढावी लागते. सांगलीकर उंची मोजतो ती फक्त पाण्याची, आणि फुटात. आयर्विन पुलाखाली कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ साली ती सत्तावन्नच्याही वर गेली होती, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. सातारकर यावर फार बोलत नाही, कारण ते पाणी वरून आम्हीच सोडलेलं असतं. शिवाय आमच्या मनात एक जुनी गोष्ट घर करून असते. १९४९ साली आमच्या जिल्ह्याचा खालचा भाग तोडून ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा केला, आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. म्हणजे कागदोपत्री सांगली ही आमची शाखा. हे वाक्य सांगलीत मोठ्यानं म्हणायचं नसतं.

मला ते म्हणायची सोय अजिबातच नाही, कारण माझे साडू सांगलीचे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून बायको त्यांना दाजी म्हणते, आणि तिच्यामुळं मीही. दाजींची मार्केट यार्डात हळदीची अडत. सावकाश बोलणं, सावकाश जेवणं, जेवून सावकाश आडवं होणं. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : “गडबड काय हाय?” लग्नाचा मुहूर्त चार मिनिटांवर आलेला असताना हा प्रश्न त्यांनी भटजींना विचारलेला आहे.

हिमालयात जायचं खूळ आमच्या एका मित्राचं. हा पक्का रनर. घड्याळ मनगटावर असतं, पण बोलतो तोच. त्यानं लडाखमधल्या ‘कांग यात्से टू’ नावाच्या शिखराची मोहीम शोधून काढली. उंची ६,२५० मीटर. वरच्या उतारावर बारमाही बर्फ, हिमनदी, दोर, कुऱ्हाड, सगळं काही. ‘पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी योग्य’ असं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं आणि शेजारी एक माणूस बर्फाच्या भिंतीला लटकलेला होता. खरं तर मित्राला आधी ‘स्टोक कांगरी’ हवं होतं. पण ते शिखर २०२० साली बंद केलं. इतकी माणसं चढायला लागली, की स्टोक गावच्या लोकांनी सांगितलं, पुरे. आमच्या गावाला पाणी त्या बर्फातनं येतं, ते आधी राहू द्या. कासला फुलं बघायला ऑनलाइन बुकिंग करावं लागतं म्हणून कुरकुरणाऱ्या सातारकरांनी हे ऐकून ठेवावं. दुष्काळी भागातल्या, टेंभू-म्हैसाळच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट बघितलेल्या माणसाला मात्र ते लगेच कळेल.

दाजी यात कसे आले, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. गौरीच्या जेवणात विषय निघाला. रनर मित्र प्रियांका मोहितेंच्या नावानं बोलू लागला, तसं दाजींनी ताक संपवलं आणि म्हणाले, “आमच्या वाळव्याचा पोलीस अधिकारी, संभाजी गुरव. २०२१ ला एव्हरेस्टवर. ते बी डूटी करून.” मग म्हणाले, “कितीला पडतंय तुमचं?” विमान धरून पाऊण लाखाच्या आत-बाहेर, असं कळल्यावर त्यांनी तिघांचे एकदम भरले तर किती सोडतील, ते विचारून घ्यायला सांगितलं. तीन टक्के सोडले. दाजींच्या मते मोहीम तिथंच निम्मी सर झाली होती.

मार्गदर्शकासह मोहीम म्हणजे काय, हे ज्यानं आषाढात तरडगाव-फलटणकडं एखादी दिंडी जवळून पाहिली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. दिंडीत भिशी भरली की तुमचं सामान ट्रकमध्ये, मुक्कामाला राहुटी आधीच ठोकलेली, पंगतीला पान वाढलेलं, पुढं कधी निघायचं ते चोपदार सांगणार. तुम्ही फक्त चालायचं. इथंही तेच. ट्रकच्या जागी खेचर, राहुटीच्या जागी तंबू, चोपदाराच्या जागी गाइड. फरक एवढाच, की वारीला निघालेला माणूस गावी परत आल्यावर ‘पंढरपूर सर केलं’ असं म्हणत नाही.

हीच व्यवस्था पैशाच्या मापात वाढवत नेली की एव्हरेस्टपर्यंत पोचते. तिथं नेपाळ सरकारचा नुसता परवाना २०२५ च्या सप्टेंबरपासून अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलर झाला. सगळा मेळ घालता खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. त्या पैशात दोर आधी जाऊन शेर्पांनी बांधलेला असतो, शिडी त्यांनीच टाकलेली असते, प्राणवायूच्या नळकांड्या त्यांनीच वर नेऊन ठेवलेल्या असतात. कामी रिता शेर्पा २०२५ पर्यंत एकतीस वेळा वर जाऊन आले. आमच्या कुठल्या नाक्यावर त्यांचा फ्लेक्स मी पाहिलेला नाही.

पैसे भरल्यावर सामानाची यादी आली. त्या यादीवरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या लग्नाच्या बस्त्याला झाली नव्हती. थर्मलचे दोन जोड, फ्लीस, पिसांचं जाकीट, वारा अडवणारं वेगळं, पाऊस अडवणारं वेगळं. “जाकिटावर जाकीट, त्याच्यावर जाकीट; चालायचं कुणी?” असं सासूबाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न पुढं अगदी रास्त ठरला. दाजींनी मात्र यादी हातात घेऊन व्यापारी नजर टाकली आणि निम्म्या वस्तूंपुढं ‘भाड्यानं’ असं लिहिलं. डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागत होतं. डॉक्टरनं दाजींचं पोट दाबून बघितलं आणि विचारलं, “वर गाडी जात नाही का?”

खरा सल्ला मिळाला तो आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांकडून. सातारा जिल्ह्याला बर्फ नवा नाही, हे आपण विसरतो. अपशिंगे मिलिटरी हे गावाचं नावच आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले शेहेचाळीस जण गेले. १९८४ च्या एप्रिलमध्ये सियाचीनवर भारतीय सैन्य चढलं, तेव्हापासून आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली पोरं त्या हिमनदीवर राहून आली आहेत. सुभेदार त्यातलेच. दोर कमरेला बांधून एकामागोमाग एक चालणं, बर्फातल्या भेगा, तंबूत रॉकेलच्या शेगडीचा काळा धूर, हे सगळं त्यांनी सरकारी खर्चानं केलेलं. आमचं रंगीत माहितीपत्रक त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, “म्हणजे हे लोक तुम्हाला तिथं नेणार, आणि पैसे तुम्ही देणार?”

मग म्हणाले, “दोन गोष्टी सांगतो. घाम येऊ द्यायचा नाही. आला की तो अंगावरच गोठतो. आणि मोजे कोरडे. बाकी तुमचं ते जाकीट-बिकीट ठीक आहे.”

“आणि वेग?” रनरनं विचारलं.

“वेग कशाला?” सुभेदार म्हणाले. दाजींनी माझ्याकडं बघून मान हलवली.

लेह साधारण ३,५०० मीटरवर. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानाचं दार उघडताना तुम्ही जवळपास दोन कळसूबाई एकावर एक ठेवून वर उभे असता, आणि सातारा-सांगलीतला उंचीचा जो काही दोनशे मीटरचा फरक आहे, ज्यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जगलो, तो तिथं कुणी खिजगणतीत धरत नाही. पहिले दोन दिवस ‘विश्रांती’ असं कार्यक्रमात स्पष्ट छापलेलं होतं. विरळ हवेत रक्ताला जुळवून घ्यायला वेळ लागतो. तो वेळ न देता जो वर पळतो त्याचं डोकं धरतं, ओकारी येते, आणि हट्ट केला तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून प्राणावर बेततं. याचा दमसासाशी फारसा संबंध नाही. मॅरेथॉन पळणाऱ्यालाही होतं, न पळणाऱ्यालाही होतं. किंबहुना पळणाऱ्यालाच जास्त मोह होतो.

मोह झालाच. आमचा रनर पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून, वर फोटो काढून, घड्याळाची आकडेवारी साताऱ्याच्या ग्रुपवर टाकून आला. दाजी त्या वेळात जेवून झोपले, उठून चहा प्यायले, खोलीच्या खिडकीतून समोरचे डोंगर बघितले आणि पुन्हा झोपले. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी बायकोची बोलणी खाल्ली तीच गोष्ट इथं एक माणूस दर दोन तासांनी दार वाजवून ‘बहुत अच्छा, सर, बस रेस्ट करो’ असं म्हणून वाखाणत होता. दाजींना हिमालय पहिल्या दिवसापासून आवडला.

आमचा गाइड लडाखी, तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा. संघात आम्ही तिघं, नागपूरच्या एक डॉक्टरबाई आणि बंगळूरचे दोन संगणकवाले. पहिल्या दिवशी आम्ही ‘दाजी, चहा आला’ असं म्हणालो ते बंगळूरकरांनी ऐकलं, आणि दाजी हेच त्यांचं नाव समजून ते ‘मिस्टर दाजी’ म्हणू लागले. गाइडनं ‘दाजी सर’ केलं. दोन दिवसांत खेचरवालासुद्धा दाजी म्हणायला लागला. अशा रीतीनं मारखा खोऱ्यात माझ्या साडूंचे अनेक मेहुणे तयार झाले.

खोऱ्यातल्या चालीबद्दल फार सांगत नाही. नदी, जर्दाळू, पांढरे स्तूप, ‘जुले’ म्हणून हात जोडणाऱ्या म्हाताऱ्या, मग झाडं संपतात, मग गावं संपतात, मग बोलणं संपतं. चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. चित्रात जे येत नाही ते सांगतो. रोज संध्याकाळी जेवणाच्या तंबूत ऑक्सिमीटर फिरायचा. बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावायचं आणि रक्तातल्या प्राणवायूचा आकडा सगळ्यांसमोर वाचायचा. दहावीचा निकाल लागताना घरात असतं तसलं वातावरण. आकडा कमी आला की माणूस बोट चोळतो, फुंकर मारतो, दुसरं बोट देतो, यंत्र बिघडल्याचं सांगतो. रनरचा आला ७४. त्यानं तीन बोटं बदलली. दाजींचा आला ८७. ते यंत्राकडं बघत म्हणाले, “बोटावरनं भाव ठरवायची रीत आमच्यात जुनी हाय. पूर्वी सौद्याला रुमाल टाकून त्याच्या खाली बोटं दाबायचे. फक्त ते असं सगळ्यांना वाचून दाखवत न्हवते.”

रनर त्यावर हसला नाही. तो दोन दिवस कपाळ दाबून बसत होता.

मी दाजींना एकदा विचारलं, तुम्हाला काहीच कसं होत नाही? ते म्हणाले, आमच्या हरिपूरला पेवं होती. जमिनीत खोल, वरून एक तोंड, आत हळदीची रास. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, कारण आत हवाच नसते. पण पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवून आतली हवा बदलू द्यायची, तासन्‌तास थांबायचं, मगच माणूस आत सोडायचा. गडबड केलेली माणसं आत गेली ती गेलीच. “हवा कमी असली की गप बसायचं, एवढं म्हाईत हाय आम्हाला,” दाजी म्हणाले. “पेवं २००५ च्या पुरात बुडाली. बसायची सवय ऱ्हायली.”

गिर्यारोहणाच्या पुस्तकांत हेच पंचवीस पानांत लिहिलेलं असतं. गप्प बसणं ही तिथं हवेशी केलेली वाटाघाट आहे, आणि वाटाघाटीत पहिला बोलणारा हरतो हे अडत्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

खाण्याचंही ऐका. उंचीवर पाण्याला लवकर उकळी फुटते. पाच हजार मीटरवर त्र्याऐंशी अंशांच्या आसपासच ते खळखळतं; भांड्यात पाणी नाचतं आणि तूरडाळ आत तशीच दगड. म्हणून प्रत्येक तळछावणीत शिट्टीचा कुकर असतोच. पाच हजार मीटरवर, चोहीकडं बर्फ, आणि मधेच कुकरची शिट्टी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते घराच्या आठवणीनं की रॉकेलच्या धुरानं, हे त्या वेळी ठरवता आलं नाही. सातारचे कंदी पेढे थंडीनं असे झाले होते की दाढेखाली धरून पाच मिनिटं वाट बघावी लागे. सांगलीच्या भडंगाच्या पिशव्या मात्र हवेचा दाब कमी झाल्यामुळं फुगून टम्म झाल्या होत्या. दाजी दोन रात्री त्यातलीच एक उशाला घेऊन झोपले. तिसऱ्या रात्री ती फुटली. शेजारच्या तंबूतून बंगळूरकर ‘ॲव्हलांच?’ असं ओरडले.

तळछावणीवर सामान मिळालं. भाड्याचे बूट, प्लॅस्टिकचे, गुडघ्याखालपर्यंत, बाहेर टणक आणि आत वेगळा मऊ जोडा. माझ्या डाव्या बुटावर पांढऱ्या रंगात ‘१७’ आणि उजव्यावर ‘४१’. आत जिभेवर कुणीतरी पेननं ‘पिंटू, औरंगाबाद’ लिहून ठेवलेलं. पिंटू वर पोचला होता की नाही, हे बुटावर नव्हतं. बुटाखाली बांधायचे ते क्रॅम्पॉन; दहा-बारा पोलादी दात. ते घालून पाय फाकून चालावं लागतं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या विजारीत जातात. पहिल्या दहा मिनिटांत सहापैकी चार विजारी फाटल्या. घसरलो तर बर्फाच्या कुऱ्हाडीवर पोट टाकून थांबायचं, हे गाइडनं करून दाखवलं. मग एकेकाला उतारावरून मुद्दाम सोडलं. दाजींना सोडलं. त्यांनी कुऱ्हाड लावायच्या आतच ते आपोआप थांबले. गाइड थोडा वेळ उताराकडं आणि थोडा वेळ दाजींकडं बघत राहिला. म्हणाला, “ठीक है.”

त्याच दुपारी रनरला गाइडनं खाली पाठवायचं ठरवलं. डोकं थांबत नव्हतं, चालताना तोल जात होता. रनरनं बरंच सांगून पाहिलं : टायमिंग, यवतेश्वर, गिनीज बुक. गाइड सगळं ऐकून घेत होता आणि एकीकडं त्याची सॅक खेचरावर बांधत होता. मार्गदर्शकाचे पैसे आपण ‘वर न्या’ म्हणून भरतो, पण त्यातले बरेचसे ‘खाली जा’ एवढं ऐकण्यासाठीच भरलेले असतात. १९९६ साली एव्हरेस्टवर परतायची ठरलेली वेळ टळून गेल्यावरही माणसं वर चढत राहिली आणि वादळात आठ जण गेले. त्यात लोकांना वर नेणारे नावाजलेले गाइडसुद्धा होते. आमच्या गाइडनं मात्र गिऱ्हाइकाचं तोंड बघून निर्णय बदलला नाही. खाली उतरल्यावर रनरचं डोकं एका दिवसात उतरलं. राग उतरायला साताऱ्यापर्यंत यावं लागलं.

रात्री अकराला निघालो. सूर्य वर आला की बर्फ मऊ होतो, पाय खोल जातो, भेगांवरचे पूल ढिले पडतात. म्हणून ही सगळी उठाठेव रात्री. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोरावर पुढं गाइड, मग दाजी, मग मी, मागं डॉक्टरबाई, मग बंगळूरकर. हिमालयाचं वर्णन वाचताना ‘चांदण्यात न्हालेली शिखरं’ असं काहीतरी आपण वाचलेलं असतं. डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात मला पुढचे आठ तास जे दिसलं ते म्हणजे दाजींच्या टाचा. डावी टाच, उजवी टाच. तिसऱ्या तासाला मला त्या टाचा तोंडपाठ झाल्या होत्या. डाव्या क्रॅम्पॉनचा पट्टा एक इंच बाहेर लोंबत होता. त्यावर बर्फाची गोळी धरायची, मोठी व्हायची, पडायची. तिच्या पडण्याची मी वाट बघायचो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा, शिखरावर त्याहूनही कमी; त्या हवेत माणसाच्या डोक्याला मनोरंजन म्हणून एवढंच पुरतं.

दाजींची चाल म्हणजे एक पाऊल, एक श्वास, थोडा विचार, दुसरं पाऊल. बंगळूरकर मागून दोनदा ‘कॅन वी गो फास्टर?’ असं म्हणाले. दोर एकच असल्यामुळं सगळ्यांना दाजींच्याच गतीनं जावं लागत होतं. पहाटे तीनला त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा अंधारातून उत्तर आलं, “गडबड काय हाय?” आणि गाइड, ज्याला मराठीचा गंध नव्हता, म्हणाला, “राइट, दाजी सर.” पाचनंतर बंगळूरकरांनी विचारणं बंद केलं. सहानंतर ते दाजींना जरा थांबायला सांगू लागले.

सकाळी सातच्या सुमाराला गाइड थांबला. पुढं चढ नव्हता. प्रार्थनेच्या पताका होत्या, वारा होता आणि चारी बाजूंना इतके डोंगर, की सातारकराचं तोंड एकदाचं बंद झालं. लांब उत्तरेला काराकोरम. तिथूनच के-टू दिसतो, असं कुणीतरी म्हणालं, आणि प्रत्येकानं वेगळं शिखर के-टू म्हणून ठरवून त्याचा फोटो काढला. मग झेंडे निघाले. बंगळूरकरांनी कंपनीचा, डॉक्टरबाईंनी तिरंगा. रनरनं खाली जाताना माझ्या खिशात मॅरेथॉनचा टी-शर्ट कोंबला होता. तो मी जाकिटावरून घालायला गेलो आणि त्यात दोन्ही हात वर करून अडकलो, तो फोटो पुढं बराच फिरला. दाजींनी खिशातून पुडी काढली. यार्डातली हळद. गाइडच्या कपाळाला लावली, माझ्या लावली, आणि खंडोबाचं नाव घेऊन चिमूटभर वर उधळली. वाऱ्यानं ती बंगळूरकराच्या गॉगलवर नेऊन टाकली.

“फूट किती?” दाजींनी विचारलं.

गाइडनं हिशेब केला. वीस हजार पाचशे पाच.

दाजी दम खात बराच वेळ आकड्याचा अंदाज घेत होते. “इथवर पाणी न्हाई येत,” म्हणाले.

उतरणं हे चढण्याहून अवघड असतं, पण त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून मीही सोडून देतो. चार दिवसांनी लेहजवळ फोनला रेंज आली. साताऱ्याहून अभिनंदनाचे ढीगभर निरोप. सांगलीहून दाजींना एकच : कोयनेतनं पाणी सोडलंय, आयर्विनला अठ्ठावीस.

सांगलीत उतरलो तेव्हा यार्डाच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलेला. ‘हिमालयवीर’, खाली दाजींचा लग्नातला फेट्याचा फोटो, आणि मागं डोंगर म्हणून स्वित्झर्लंडमधला मॅटरहॉर्न; चॉकलेटच्या वेष्टनावर बराच काळ होता तोच. फ्लेक्सवाल्याला विचारलं तर म्हणाला, “तुमचा बघितला ओ, पण हा जास्त डोंगरासारखा दिसतो.” वर आठ पुढाऱ्यांची तोंडं होती. त्यातल्या एकाची उंची दाजींच्या डोंगरापेक्षा जास्त होती. सत्कार संध्याकाळी ठेवलेला. शाल, श्रीफळ, आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण, ज्यात तेनसिंग, शिवाजी महाराज आणि येऊ घातलेली निवडणूक या क्रमानं आले.

भाषण तेनसिंगहून पुढं सरकलेलं असताना मागच्या रांगेतून एक पोरगा धावत आला. अडतीस झालं. सखल भागातल्या गोदामाकडं पाणी वळतंय. पाहुणे बोलतच होते. दाजी उठले. शाल तशीच खांद्यावर, नारळ शेजारच्याच्या मांडीवर, आणि पंधरा दिवसांत ज्यांना मी एकदाही भरभर चालताना पाहिलं नव्हतं ते माझे साडू यार्डातून पळत सुटले. त्यांच्यामागं हमाल, हमालांमागं निम्मं सभागृह, आणि सगळ्यात मागं मी. गोदामात अंधार, पिवळा खकाणा, नाकाला झोंबणारा वास. दाजी छातीएवढ्या थप्पीवर चढून पोत्यांची तोंडं धरून ती खाली सोडत होते आणि खालचा माणूस पाठीवर घेऊन टेम्पोकडं जात होता. रांगेत माझा नंबर आला. दाजींनी वरून बघितलं, हिमालयवीर म्हणून काही सवलत मिळेल असं त्या बघण्यात नव्हतं, आणि पोतं माझ्या पाठीवर आलं. पन्नास किलो. कांग यात्सेला माझी सॅक खेचरानं वाहिली होती.